क्षेत्रकामातील गोचीड व इतर चावरे जीव (विदर्भ)

विदर्भात जमीन मोजणी, पीक पाहणी, वन्यजीव गणना, तेंदूपत्ता तोड अशा कामांसाठी गवता-झुडपांतून चालणाऱ्यांना गोचीड, चिगर (माइटचे सूक्ष्म पिल्लू), मधमाशा व विंचू यांचा उपद्रव होतो. त्यापासून बचाव करणे, अंगाला लागलेला जीव नीट काढणे आणि पुढचे तीन आठवडे तापावर लक्ष ठेवणे हा क्षेत्रकामाचाच भाग आहे. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो.

गोचीड हा कीटक नसून कोळी-विंचवांच्या गोत्रातला जीव आहे. मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच असतात आणि ते राईच्या दाण्याहूनही लहान असते. तो उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसतो आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांची चाहूल लागताच जवळून जाणाऱ्याला बिलगतो. म्हणून तो आधी गुडघ्याखाली लागतो आणि वर चढत कंबरपट्टा, जांघ, काख किंवा कानामागे थांबतो.

रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते, पालापाचोळ्यात दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. त्यामुळे घनदाट रानापेक्षा गावालगतचे झुडपी जंगल, गुरांचा आखर, पाणवठ्याकडची गुरवाट आणि कोठ्याची भिंत या जागा जास्त त्रासाच्या. डबा उघडायला आपण मोहाची जी गार सावली शोधतो, तिथेच दुपारभर गुरेही बसलेली असतात. त्यापेक्षा उघडा खडक, नांगरलेले वावर किंवा कोरड्या नाल्याची रेती बरी.

कपडे फिके घ्यावेत, म्हणजे चढणारा ठिपका दिसतो. पॅन्ट मोज्यात आणि शर्ट पॅन्टमध्ये खोचावा. डीईईटी (चावरे जीव दूर ठेवणारे रसायन) असलेले 20 ते 30 टक्क्यांचे मलम किंवा फवारा मोज्यांचा काठ, घोटे व मनगटे यांवर लावावा. घामाने ते निघून जाते, म्हणून दुपारी पुन्हा लावावे लागते. हात पुसल्याशिवाय जीपीएस, दुर्बीण किंवा घड्याळाला हात लावू नये, कारण डीईईटीने प्लॅस्टिक विरघळते. कपड्यांसाठी 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा खास फवारा असतो. तो मिळाला नाही म्हणून वावरातले फवारणीचे औषध कपड्यांवर मारणे हा जिवाशी खेळ आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते.

पिल्लांचा पुंजका पायावर चढला तर एकेक वेचत बसू नये. चिकटपट्टी उलटी गुंडाळून पायावर थापावी. चावा घेण्याआधीच ती पट्टीला चिकटून निघतात. रुतलेला गोचीड मात्र टोकदार चिमट्यानेच काढावा. चिमटा फुगलेल्या पोटाला न लावता अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरावा आणि झटका न देता, न पिळता सरळ वर ओढत राहावे. त्याच्या सोंडेवर उलटे काटे असतात, शिवाय बहुतेक जाती डिंकासारखा स्राव सोडून सोंड घट्ट बसवतात. त्यामुळे तो सुटायला काही क्षण जातात. रॉकेल, चुना, तेल, विडीचा चटका हे गावोगावचे उपाय टाळावेत. डिवचलेला गोचीड आपली लाळ व पोटातले द्रव जखमेत सोडण्याची शक्यता असते. सोंडेचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरू नये, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. मग साबणाने धुऊन स्पिरिट लावावे. काढलेला गोचीड नखावर चिरडू नये. तो स्पिरिटच्या बाटलीत टाकून तारीख लिहावी. कपडे उकळत्या पाण्यात घालावेत, गार पाण्याच्या धुण्यातून गोचीड जिवंत निघतो.

गोचिडामुळे होणाऱ्या टिक टायफसमध्ये तापासोबत पुरळ येते आणि ते तळहात-तळपायांपर्यंत पसरते. गोचिडामुळेच होणाऱ्या माकडतापाचे (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) रुग्ण महाराष्ट्रात सिंधुदुर्गाकडे आढळतात; विदर्भातली खरी काळजी स्क्रब टायफसची.

स्क्रब टायफस पसरवणारा चिगर म्हणजे माइट या सूक्ष्म जीवाचे पिल्लू. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वावरात दिसणारा, पोरे तळहातावर घेतात तो मखमली लाल मृगाचा किडा निरुपद्रवी आहे. चिगर त्याचाच दूरचा भाऊबंद, पण जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. उंदीर जिथे फिरतात त्या धुऱ्यावरच्या गवतात, पडीक वावरात आणि झुडपांच्या काठाला तो असतो. चावा दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत या रोगाची साथ आली होती.

चाव्यानंतर साधारण 6 ते 21 दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. अनेकांच्या अंगावर लालसर कड असलेली काळी खपली दिसते, जणू विडीने डागल्यासारखी. ती दुखत-खाजत नाही आणि काख, जांघ, कमरपट्ट्याखाली लपलेली असते. रुग्णाने सांगितल्याशिवाय तपासणाऱ्याची नजर तिथे जात नाही. सगळ्यांनाच ती येते असेही नाही. नावाच्या साधर्म्यामुळे टायफस आणि टायफॉइड यांची गल्लत होते. टायफॉइडसाठी दिली जाणारी सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने स्क्रब टायफसच्या जंतूवर काम करत नाहीत. मोठ्यांना डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. वेळेवर सुरू केल्यास बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसे व मेंदूपर्यंत बाधा पोहोचते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर ‘ताप आहे’ एवढ्यावर न थांबता ‘अमुक तारखेला गवतात काम केले’ हे आपण होऊन सांगावे.

बाकीच्यांत आग्या मोहोळ सर्वांत घातक. धूर किंवा दगड लागला की शेकडो माशा पाठलाग करतात आणि रुतलेल्या नांगीच्या वासाने आणखी येतात. चेहरा झाकून सरळ पळावे, बंद खोली किंवा गाडी गाठावी. पाण्यात उडी घेऊ नये, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी नखाने लगेच खरवडून काढावी.

वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. तिच्यामार्फत पसरणारा चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडला आणि गावाचेच नाव त्याला मिळाले. गडचिरोलीत मुक्काम असेल तर मलेरियासाठी औषध लावलेली मच्छरदाणी सोबत हवीच.

विंचवासाठी बूट घालण्याआधी झटकावेत आणि दगड उलटायचाच झाला तर आपल्याकडे ओढून उलटावा, म्हणजे तो आडोसा होतो. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे झाले तर दवाखाना तातडीने गाठावा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर वापरात आणलेले प्राझोसिन हे औषध तिथे मिळते का, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.