कॅलिफोर्नियातील अपंगत्व लाभ : एसडीआय, एसएसडीआय आणि एसएसआय

आजारपण, अपघात किंवा अपंगत्व यांमुळे काम थांबले, तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला सरकारी मदतीची तीन वेगवेगळी दारे असतात. एसडीआय (स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स) ही राज्याची विमा योजना, तर एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) आणि एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) या दोन योजना फेडरल सरकारच्या. अक्षरे सारखी दिसत असल्याने लोक एकाचे कागद दुसरीकडे पाठवतात आणि तोवर मुदत टळते. घोळ टाळायचा तर आधी पे-स्लिप पाहावी. 'सीएएसडीआय' नावाची कपात राज्याची. ती २०२५ मध्ये पगाराच्या १.२ टक्के होती. 'सोशल सिक्युरिटी' किंवा 'ओएएसडीआय' नावाची ६.२ टक्के कपात फेडरल. एसएसआयसाठी पगारातून काहीच कापले जात नाही. उत्पन्न व मालमत्ता अत्यल्प असलेल्या वृद्ध, अंध किंवा अपंग व्यक्तींसाठी ती मदत असते. राज्य व स्थानिक सरकारचे अनेक कर्मचारी एसडीआयमध्ये नसतात, तेव्हा सीएएसडीआयची ओळ दिसली नाही तर आधी ऑफिसात विचारावे.

एसडीआय तात्पुरत्या आजारासाठी आहे. शस्त्रक्रिया, हाड मोडणे, बाळंतपण अशा कारणांसाठी जास्तीत जास्त ५२ आठवडे पैसे मिळतात. कामावर झालेली दुखापत सहसा यात येत नाही. तिच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी व्यवस्था आहे. २०२५ पासून उत्पन्नानुसार मागील पगाराच्या ७० ते ९० टक्के रक्कम मिळते आणि २०२५ साठी आठवड्याची कमाल १,६८१ डॉलर होती. पहिले सात दिवस बिनपैशाचे.

अर्ज ईडीडी या राज्याच्या रोजगार विभागाकडे, त्याच्या 'मायईडीडी' या ऑनलाइन खात्यात लॉगिन करून 'एसडीआय ऑनलाइन'मध्ये भरायचा. आजारपण सुरू झाल्यापासून नऊ दिवस उलटल्यावर आणि ४९ दिवसांच्या आत. खरी अडचण इथेच येते. अर्जाला दोन भाग असतात : पहिला अर्जदाराचा, दुसरा डॉक्टरचा. पहिला भाग पाठवला की रिसीट नंबर मिळतो. तो डॉक्टरच्या ऑफिसला स्वतः कळवावा लागतो, कारण त्याच्याशिवाय डॉक्टरचा भाग आपल्या अर्जाला जोडणे अवघड जाते. अर्जदार पैशांची वाट पाहत बसतो, आणि अर्ज मात्र डॉक्टरच्या सहीविना अपुराच पडून असतो. पुढे आजारपण लांबले तर डॉक्टरचे पुरवणी प्रमाणपत्र वेळेत जायला हवे. नाहीतर दिलेल्या तारखेला पैसे थांबतात.

एसएसडीआयची कसोटी निराळी आहे. आजार किमान १२ महिने टिकणारा किंवा मृत्यूकडे नेणारा असावा लागतो. एसडीआय विचारते, 'तुम्हाला तुमचे नेहमीचे काम करता येते का?' एसएसडीआय विचारते, 'कुठलेही पुरेसे उत्पन्न देणारे काम करता येते का?' म्हणून एसडीआय मंजूर झालेल्याला एसएसडीआय नाकारले जाऊ शकते, आणि त्यात विसंगती काहीच नसते. शिवाय पुरेसे वर्क क्रेडिट, म्हणजे सोशल सिक्युरिटी कर भरून केलेल्या कामाचे गुण, लागतात : साधारण ४०, त्यांपैकी २० मागच्या दहा वर्षांतले, तरुणांना कमी चालतात. पात्र ठरल्यावरही पहिल्या पाच पूर्ण महिन्यांचे पैसे बहुतेकांना मिळत नाहीत आणि मेडिकेअर हा फेडरल आरोग्य विमा सहसा २४ महिन्यांच्या लाभानंतर सुरू होते. आजार वर्षभर टिकेल असे डॉक्टर सांगत असेल, तर एसडीआय संपण्याची वाट न पाहता लगेच अर्ज करावा. निर्णयाला महिनेच्या महिने लागतात.

गोंधळात भर पडते ती एका पत्राने. एसएसडीआयची वैद्यकीय तपासणी राज्याच्याच डीडीएस (अपंगत्व ठरवणाऱ्या) कार्यालयाकडे असते. त्यामुळे लिफाफ्यावर राज्याचे नाव आणि आत फेडरल प्रकरण. असे पत्र ईडीडीचे समजून बाजूला ठेवले, तर ठरवलेली तपासणी हुकते आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नकारावर अपील करायला सोशल सिक्युरिटीकडे ६० दिवस असतात, ईडीडीकडे ३०. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नये.

फेडरल ऑनलाइन खाते म्हणजे 'माय सोशल सिक्युरिटी'. त्यात लॉगिन डॉट गव्ह किंवा आयडी डॉट मी या ओळख पटवणाऱ्या सेवांतून शिरता येते. आयडी डॉट मी ईडीडीतही ओळख पटवायला वापरतात, त्यामुळे दोन्ही खाती एकच असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती एकमेकांशी बोलत नाहीत : पत्ता एका ठिकाणी बदलला तर दुसरीकडे जुनाच राहतो, बँक खात्याचेही तेच. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेवटी 'सीए डॉट गव्ह' असेल तर राज्य, 'एसएसए डॉट गव्ह' असेल तर फेडरल. क्रेडिट किती जमले ते फक्त फेडरल खात्यात दिसते.

एकाच काळात एसडीआय आणि एसएसडीआय हे दोन्ही लाभ मिळू शकतात, पण दोन्हींची बेरीज पूर्वीच्या सरासरी कमाईच्या ८० टक्क्यांवर गेली, तर एसएसडीआय कापले जाते. एसएसआय घेणाऱ्यासाठी एसडीआयचे पैसे उत्पन्न धरले जातात. ते न कळवल्यास जादा दिलेली रक्कम नंतर परत मागितली जाते.

बे एरियातील मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नाही, म्हणून भारतातील पीएफची वर्षे एसएसडीआयच्या क्रेडिटमध्ये धरली जात नाहीत. आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर, लायसन्सवर व डॉक्टरच्या नोंदीत वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे कसे लिहिले आहे ते जुळवून पाहावे. एका कागदावर ते मधले नाव आणि दुसऱ्यावर पहिल्या नावाला जोडलेले असेल, तर ओळख पडताळणी अडकू शकते.