विभाजकांची बेरीज आणि १४४ चा सौदा

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याची पाच डझनी पेटी भरतात आणि नारळ मात्र शेकड्याने विकतात. वाटणीला ६० सोयीचे, कारण त्याला १२ विभाजक आहेत आणि १०० ला अवघे ९. परंतु विभाजक नुसते न मोजता त्यांची बेरीज केली, तर गंमत वाढते. १०० च्या विभाजकांची बेरीज २१७ होते, तर त्याआधीच्या ९६ ची २५२. जिच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येच्या बेरजेपेक्षा जास्त भरते, तिला आपण ‘अतिविपुल’ म्हणू: १, २, ३, ४, ६, ८, १०, १२, १६, १८, २०, २४, ३०, ३६, ४२, ४८, ६०... गणितज्ञ एस. एस. पिल्लई यांनी १९४३ मध्ये आणि अलाओग्लू व एर्डिश यांनी १९४४ मध्ये या संख्यांवर लेखन केले.

या यादीत १०८ आहे, म्हणून कोणी जपमाळेचे गणिती रहस्य उलगडल्याचा संदेश फिरवू नये. ९६ आणि १२० हेही त्याच यादीत आहेत, आणि त्यांची माळ कोणी ओढत नाही.

खरी मौज मूळ अवयवांत आहे. विभाजकांच्या बेरजेला त्या संख्येनेच भागले, की प्रत्येक मूळ अवयवाचा वाटा वेगळा दिसतो. एकदा आलेला २ हा ३/२ पट देतो, दोनदा आलेला ७/४, तीनदा आलेला १५/८. तो कितीही वेळा घेतला तरी दुपटीला पोहोचत नाही. उलट नवा ११ आणला, तर एकदम १२/११ पट मिळते. आता १ ते ९ यांचा गुणाकार घ्या: ३,६२,८८०, म्हणजे सात वेळा २, चार वेळा ३, एक ५ आणि एक ७. यातून चार २ आणि दोन ३, म्हणजे १४४, काढून घ्या व त्यांच्या जागी ११ × १३, म्हणजे १४३, ठेवा. संख्या किंचित घटून ३,६०,३६० होते. विभाजकांची बेरीज मात्र १४,८१,०४० वरून १५,७२,४८० वर जाते! म्हणून १ ते ८ पर्यंतचे असे सगळे गुणाकार अतिविपुल असले, तरी नववा त्या पंक्तीत बसत नाही.

याच सौद्यामुळे मोठ्या अतिविपुल संख्येला केवळ जुन्या अवयवांच्या पुनरावृत्तीवर भागवता येत नाही. ज्यात प्रत्येक मूळ अवयव निदान दोनदा येतो, अशी शेवटची अतिविपुल संख्या ७२०० आहे: पाच वेळा २, दोनदा ३, दोनदा ५. तिच्यापुढच्या प्रत्येक अतिविपुल संख्येत एक तरी मूळ अवयव एकदाच येतो.