ओटीपी दिला नाही, तरी पैसे जातात

‘ओटीपी सांगितला नाही ना, मग कार्ड सुरक्षित’ हा इंदूरच्या मराठी घरांत घट्ट बसलेला समज चुकीचा आहे. अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) एवढ्यावरच व्यवहार होतो. सराफ्याच्या गर्दीत कार्ड पडलं, तर नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होऊ शकते. हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमध्ये आजच बंद करा.

पैसे गेलेच, तर आधी कार्ड ब्लॉक, लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन, मग बँकेकडे लेखी तक्रार. बिलाची वाट मुळीच बघू नका: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा व्यवहाराचा संदेश आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर भुर्दंड शून्य.