शालेय उत्तरदायित्व (कोल्हापूर जिल्हा)

शाळेचे काम कसे चालले आहे याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, आणि उत्तर पटले नाही तर पुढे काय करायचे, याची ठरलेली रीत म्हणजे शालेय उत्तरदायित्व. या नोंदीत कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या प्राथमिक शाळांचा विचार केला आहे.

कोल्हापुरात हा जाब आधी पालकाला विचारला गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला, आणि त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने ही दिशा उलटी केली. या कायद्यात ‘सक्ती’ सरकारवर आहे. मूल शाळेत येईल, टिकेल आणि शिक्षण पूर्ण करेल हे पाहणे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे काम ठरले. शतकभरापूर्वी ज्याला दंड होत होता तो पालक आता कायद्याने शाळेवर देखरेख करणारा झाला.

कायद्याने झाला, एवढेच तूर्त म्हणता येते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या, अध्यक्ष पालकांतूनच निवडलेला आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत इतिवृत्त गुरुजी लिहितात आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत फॅटच्या दशांशावरून माइक न सोडणारा, साखर कारखान्याच्या सभेत ताळेबंदाचे पान उघडून अध्यक्षांना अडवणारा हाच सभासद शाळेच्या बैठकीत गप्प का बसतो, हा प्रश्न कोल्हापुरात तरी विचारायला हवा. दुधाचा हिशेब त्याला दर दहा दिवसांनी बिलात दिसतो. मुलाला वाचता येते की नाही, याचे बिल घरी येत नाही. शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने पालकांचे बहुमत असलेल्या शाळा परिषदांना मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार दिला. आपल्या समितीला असा अधिकार नाही.

पैसा उभा करण्यात मात्र गाव मागे नसते. याला इकडे ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. रंगरंगोटी, संगणक, कूपनलिका, कधी वर्गखोलीही माजी विद्यार्थी, तरुण मंडळे आणि संस्था देतात. गाव शाळेला देते भरपूर, विचारते कमी.

शाळेला वरून विचारला जाणारा जाबही जुनाच. ‘दिपोटी’ (डेप्युटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब) तपासणीला येणार म्हटले की शाळा सारवून निघायची, त्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, आणि शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी अशी साखळी तयार झाली. नव्वदच्या दशकात तिला केंद्रप्रमुख जोडला गेला. आसपासच्या शाळांना भेटी देऊन वर्गात बसायचे, अडलेल्या शिक्षकाला हात द्यायचा, ही या पदामागची कल्पना. सगळ्या साखळीत सुधारणेच्या सर्वांत जवळचा दुवा हाच आहे, आणि रिकाम्या पदांमुळे व माहिती गोळा करण्याच्या कामामुळे सर्वांत जास्त झिजलेलाही हाच.

मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी, म्हणजे नोंदवलेली मुले खरोखर शाळेत आहेत का याची मोजणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाने पट व हजेरीवरून लक्ष मुलाला काय येते याकडे वळवले. ‘शाळासिद्धी’ या मूल्यमापनात ७ क्षेत्रे आणि ४६ मानकांवर शाळा स्वतःलाच श्रेणी देत असे. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासण्यात जो धोका असतो तो येथेही होता. यू-डायस आणि सरल या सरकारी ऑनलाइन प्रणालींवर शाळेची व मुलांची माहिती भरणे हा मुख्याध्यापकाच्या दिवसाचा मोठा भाग झाला. २०२३ मध्ये राज्यातील शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत मोर्चे काढले ते अशाच अशैक्षणिक कामांविरुद्ध. शिक्षक शाळेत येतच नाहीत, हे गृहीत धरून रचलेली देखरेख महाराष्ट्राला नीट बसत नाही. २००३ मध्ये अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत देशात सुमारे २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले; महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी.

निकालाला पैसा किंवा शिक्षा जोडण्याचा प्रयोगही जुनाच आहे. इंग्लंडने १८६२ मध्ये परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरवले, मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देणे सुरू झाले, आणि घोकंपट्टी वाढल्याच्या तक्रारी झाल्यावर ती पद्धत सोडावी लागली. अमेरिकेने २००२ च्या कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल ‘प्रवीण’ करण्याचे बंधन घातले. ते साधले नाही आणि २०१५ मध्ये कायदा बदलला.

कोल्हापुरात असे बंधन कोणी घातले नसतानाही एक परीक्षा शाळेचा तराजू होऊन बसली आहे, ती म्हणजे स्कॉलरशिप. पूर्वी चौथी-सातवीला, २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी-आठवीला. जादा तास, रात्रीची अभ्यासिका, सुट्टीतले सराव पेपर, आणि निकालानंतर चौकात मुलांच्या फोटोंचा डिजिटल फलक. गुरुजींची पत या फलकावर ठरते. शेजारच्या गावाचा फलक मोठा असेल तर पुढच्या वर्षी इथला जादा तास तासभर आधी सुरू होतो. हे कोणत्याही परिपत्रकाने साधलेले नाही. पण फलकावर आठ-दहा चेहरे असतात. त्याच वर्गात अडखळत वाचणाऱ्या मुलाचा फोटो कुठेच नसतो, म्हणून त्याच्याबद्दल कोणी विचारतही नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण’ अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता व मूलभूत गणित करता यावे हे उद्दिष्ट आहे. तराजूचे दुसरे पारडे बहुधा तेच, फक्त त्याचा फलक लागत नाही.

शहरात पालकांच्या पसंतीचा दाब स्पष्ट दिसतो. जरगनगर येथील महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालकांच्या रांगा लागतात; काही जण आदल्या रात्रीपासून थांबतात. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेसाठी लागणारी ही रांग राज्यभर बातमीचा विषय होते. उलट बाजूला, पट घटला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना) शिक्षकाचे पद जाते, शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मूल इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतात.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्या-धनगरवाड्यांत रांग लावायला दुसरी शाळाच नसते. दोन शिक्षक, चार इयत्ता, पावसाळ्यात तुटणारी वाट. तिथल्या पालकाला शाळा बदलता येत नाही. कायद्यानुसार लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण अर्ज लिहून द्यायलाही तिथे अनेकदा गुरुजीच लागतात.