विरजणावर विरजण

लोकलच्या लेडीज डब्यात दाराशेजारी चिकटवलेली एक जाहिरात बरेच दिवस माझ्या डोळ्यांत सलते आहे. 'नाजूक जागेच्या स्वच्छतेसाठी' म्हणून गुलाबी बाटली आणि खाली ठळक अक्षरांत पीएचचा आकडा (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त). परवा कॉलेजच्या दोन मुली ती वाचून कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "मला तर रोजच पांढरं जातं, घेऊन बघू का?" तेवढ्यात कुर्ला आलं आणि मला उतरावं लागलं. तिला सांगायचं राहिलं ते असं, की बाटलीतलं आम्ल तुझ्या शरीरात फुकट तयार होतं, आणि रोज थोडं पांढरं जाणं हा आजारच नाही.

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर स्राव होणं नैसर्गिक आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरतो, गरोदरपणात वाढतो. 'पांढरं गेलं की हाडं झिजतात', 'अंगातली ताकद वाहून जाते' हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आलेलं आहे, पण या स्रावात हाडाचा कणही नसतो. असतं काय, तर श्लेष्मा, गळलेल्या पेशी आणि जिवाणू.

या जिवाणूंवर माझा जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीमार्गाच्या अस्तरातल्या पेशी ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतात. त्या गळून पडल्या की शरीरातलंच अमायलेझ (लाळेत असतं तशाच जातीचं विकर) त्याचे तुकडे करतं, आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्या साखरेचं लॅक्टिक आम्ल बनवतात. म्हणजे घरात विरजण लावल्यावर जे होतं, तेच. १८९२ साली जर्मन डॉक्टर आल्बर्ट डेडरलाइन यांनी या जिवाणूंचं वर्णन केलं. त्यांच्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ इतका राहतो. इतर सस्तन प्राण्यांच्या माद्यांमध्ये असा आम्लपणा सहसा आढळत नाही. माणसाचं हे वेगळेपण आहे.

आता खरी गंमत. लॅक्टिक आम्ल जंतूला मारतं ते अखंड रेणू असताना. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या पटलातून आत शिरतो, आत जाऊन फुटतो आणि जंतूचं पोट आंबवून टाकतो. पीएच ३.८६ असेल तर निम्मे रेणू अखंड असतात. पीएच एका अंकाने वाढून ४.८६ झाला की अखंड उरतात जेमतेम ९ टक्के, आणि आणखी एकाने वाढला की १ टक्का. म्हणजे आम्ल तेवढंच, पण धार गेली. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याचा अर्थ इथे कळतो.

रक्ताचा पीएच ७.४, वीर्यही अल्कधर्मी, अंगाचा साबण ९-१० च्या घरात. पाळी आणि संबंध यांनंतर विरजण आपलं आपण पुन्हा लागतं. पण रोज आतपर्यंत साबण किंवा पिचकारीने धुतलं, तर लॅक्टोबॅसिलस हटतात आणि गार्डनेरेलासारखे दुसरे जिवाणू वाढतात. मग पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास येतो, खाज मात्र फारशी नसते. वास घालवायला बाई आणखी धुते, आणि उरल्यासुरल्या विरजणावरही विरजण पडतं.

खाज सुटते ती बहुतेकदा कँडिडा या बुरशीमुळे, आणि इथे माझा लाडका सिद्धांत तोंडावर आपटतो. या बुरशीला आम्ल चालतं. कँडिडाच्या संसर्गात पीएच बहुधा बिघडलेलाच नसतो. एरवी गोल दाण्यासारखी गुपचूप राहणारी बुरशी धागे काढते, अस्तरात घुसते आणि कँडिडालायसिन नावाचं विष सोडते (ते सापडलं २०१६ मध्ये). त्याने पेशी दुखावतात आणि सूज, आग, खाज सुरू होते. स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा, वास जवळपास नाही. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण आणि ताब्यात नसलेला मधुमेह ही तिची आवडती निमित्तं. त्यामुळे खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासावी. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव. तो संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यानेही गोळ्या घ्याव्या लागतात. नेमकं हेच घरात बोललं जात नाही.

बुरशीचं औषध बाकीच्या दोन प्रकारांवर चालत नाही. तरी आपण दुकानात हळू आवाजात 'खाजेचं मलम द्या' म्हणतो, आणि पुष्कळदा हातात पडते ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. खाज दोन दिवस दबते आणि मागून बुरशी फोफावते. अमेरिकेत स्वतःच्या अंदाजाने बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जणींनाच फक्त बुरशी निघाली (२००२). उलट डॉक्टरकडे पीएचचा कागद, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तर काही मिनिटांत मिळतं. ट्रायकोमोनास तर काचेवर गचके खात पोहताना दिसतो.

मुंबईच्या पावसाळ्यात चड्ड्या वाळतच नाहीत. दमट घालण्यापेक्षा सुती कापडावर इस्त्री फिरवावी. भिजून ऑफिसला पोचलात तर आतलेही कपडे बदलावेत, पॅड चार-सहा तासांनी बदलावं, पुसताना पुढून मागे. बाहेरून साधं पाणी पुरे. दही खावं, आत लावू नये. ते जिवाणू वेगळे आहेत, तिथे टिकत नाहीत.

पहिल्यांदाच त्रास झाला, गरोदर असाल, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, वर्षात तीन-चार वेळा झालंय, तर मलम बाजूला ठेवून तपासून घ्या. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत स्त्रीरोग ओपीडी असते, सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्येही हे उपचार मिळतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं, ग्लायकोजेन घटतं, विरजण संपतं आणि कोरडेपणाने खाज येते. त्यावर बुरशीचं मलम काही करत नाही. आणि त्या वयात रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.