120 मायक्रॉनची पिशवी कुजते का हो?

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पाव किलो मिरच्या घेतल्या की भाजीवाला अजूनही गोणपाटाखालनं हळूच ती पांढरी, चुरचुर वाजणारी पिशवी काढतोय, आणि नवी पेठेत कपड्याच्या दुकानात शेठ सांगतोय की काळजी करू नका, आमची जाड आहे, 120 मायक्रॉनची, चालतीय. नाही चालत. 23 मार्च 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेनं सामान घालून द्यायची प्लास्टिकची कॅरीबॅगच बंद केली, हँडलवाली असू दे नाहीतर बिनहँडलची, जाड असू दे नाहीतर पातळ. दंड पहिल्यांदा 5000, दुसऱ्यांदा 10000, तिसऱ्यांदा 25000 आणि वर 3 महिने कैद. 120 हा आकडा केंद्राचा. 2016 च्या नियमात 50 मायक्रॉन होतं, 30 सप्टेंबर 2021 पासून 75 झालं, 31 डिसेंबर 2022 पासून 120. म्हणजे दिल्ली म्हणतीय यापेक्षा पातळ नको, आणि मुंबई म्हणतीय अजिबातच नको.

आता हे मायक्रॉन काय प्रकरण आहे? मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतोय, मंडईतली पातळ पिशवी 20 च्या आसपास धरा. आणि लोकांचा जो गोड गैरसमज आहे की जाड पिशवी म्हणजे चांगलं प्लास्टिक, तसं काही नाही, रसायन तेच, पॉलिथीन. इथिलीन नावाचा वायू असतोय, त्याचे हजारो रेणू एकापुढं एक जोडत गेलं की कार्बनची लांबच लांब साखळी होते. 1933 साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत वेगळाच प्रयोग चालू असताना हे चुकून हाती लागलं. चादर उसवायची तर आधी धाग्याचं टोक सापडावं लागतं, आणि या साखळीत जिवाणूंना धरायला असं टोकच सापडत नाही. सुती कापडात सेल्युलोज असतं, झाडापाल्याचा मूळ पदार्थ, त्याचीही साखळीच, पण तिचे सांधे तोडणारी एन्झाइम, म्हणजे पाचक रसायनं, बुरशीकडं नि जिवाणूंकडं करोडो वर्षांपासून आहेत, पॉलिथीन त्यांच्यासाठी कालपरवाचं. सोलापूरच्या मे महिन्यात कुंपणाला अडकलेली पिशवी पार ठिसूळ होऊन हातात घेतली की चुरा होते ते बघून वाटतं की कुजली, पण ते उन्हातल्या अतिनील किरणांचं काम, साखळ्या तुटून तुकडे बारीक झाले इतकंच, प्लास्टिक आहे तिथंच आहे, फक्त आता वेचता येत नाही.

मग जाडीचा नियम कशाला? हे मला स्वतःला लई आवडणारं गणित आहे. समजा पिशवी 30 बाय 40 सेंटीमीटरची. 20 मायक्रॉनची असेल तर वजन साडेचार ग्रॅम, म्हणजे एक किलो भरायला जवळजवळ 220 पिशव्या उचलायच्या, त्याही चिखलानं नि खरकट्यानं भरलेल्या. कोणती कचरा वेचणारी बाई एवढं वाकणार? तीच पिशवी 120 ची असली की 27 ग्रॅम, 37 पिशव्यांत किलो, आता भंगारात भाव मिळतोय. शिवाय दुकानदाराला सहापट माल लागतोय, तो फुकट वाटेना. आणि गटारीचं बघा, प्लास्टिकचा पापुद्रा वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो, जाडी सहापट तर ताठपणा 216 पट, म्हणून पातळ पिशवी जाळीला ओल्या फडक्यागत चिकटून बसते, जाड बसत नाही. थोडक्यात मायक्रॉनचा आकडा पिशवीला सुधारत नाही, तो माणसाला वळण लावायला आहे. माझं मत विचाराल तर राज्याचा नियम जास्त सरळ, कारण मंडईत जाडी मोजायचं यंत्र घेऊन कोण फिरणार बे!

गायीचं तर वेगळंच. ती आधी गिळते नि मग निवांत रवंथ करते, शेळीसारखं ओठानं निवडत बसत नाही, त्यामुळं शिळी भाकरी पिशवीसकट आत. पोटातले जिवाणू कडबा, कागद पचवतात कारण तिथं सेल्युलोज आहे, पिशवी मात्र साठत राहते, गोळा होतो, मग डॉक्टरनं पोट फाडून काढायचा.

ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी घेऊन लोक खूश असतात ना, नॉन-वोव्हन, ती कापड नाहीच. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचेच तंतू गरम करून चिकटवलेले. आपल्या गावात यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, धागा पेटवून बघायला सांगतील, सुताला जळक्या कागदाचा वास आणि राख, हिचा वितळून कडक मणी.

राहिली सुती पिशवी, पण तिचाही हिशोब आहे. कापसाला पाणी, खत, फवारणी, मग गिरणीची वीज. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या 2011 च्या अहवालात फक्त हवामानावरचा परिणाम बघितला तरी सुती पिशवी पातळ पिशवीच्या बरोबरीला यायला 131 वेळा वापरावी लागते असं निघालं, डेन्मार्कच्या 2018 च्या अभ्यासात, तुलनेची पिशवी वेगळी होती, हवामानासाठी 52 वेळा आणि सगळे निकष एकत्र धरले तर 7100. या अभ्यासांत समुद्रात, रानात उडून जाणाऱ्या कचऱ्याचा त्रास नीट धरलेला नाही, त्यामुळं आकडे दाखवून प्लास्टिकच बरं म्हणणाऱ्यांचं लगेच ऐकू नका. पण दर समारंभात फुकट वाटलेल्या छापील सुती पिशव्या कपाटात कोंबून ठेवण्यात काही अर्थ नाही हे मात्र खरं.

आपल्याकडं घराघरात विरलेली सोलापुरी चादर असतेच, तिचीच पिशवी शिवा. तिचा कापूस पिकून, रंगून, अंगावर वापरून झालाय, नवीन काही पिकवायचं नाही, शिलाईचा दोरा तेवढा लागतोय, आणि विणकाम एवढं घट्ट की 5 किलो कांदे सहज पेलते. दर खेपेला धुवायचीही गरज नाही, फोलपटं झटकली की झालं. मटण आणायचं असेल तर मात्र स्टीलचा डबा न्या.