मुंबईतील कॅथलिक शाळा : नातेवाइकाच्या शाळेचा शोध

आजोबा, पणजी किंवा दूरचे काका मुंबईत नेमक्या कोणत्या कॅथलिक शाळेत शिकले, हे जुन्या कागदांवरून ठरवण्याची पद्धत. वंशावळ जुळवणारे, चरित्रकार आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक हा शोध घेतात. जन्मतारीख किंवा जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा असलेली कुटुंबेही त्यात पडतात. या शाळांत ख्रिस्ती मुलांबरोबर पारशी, हिंदू, मुसलमान मुलेही शिकत आली आहेत. त्यामुळे हा शोध एका समाजापुरता नाही.

शहरातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची एकत्रित यादी कुठेही नाही. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ज्याच्या त्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते आणि ते रजिस्टर शाळेतच राहते. म्हणून आधी दोन-तीन शाळांपर्यंत येऊन पोचायचे आणि मगच विचारायला जायचे. तिथवर नेणारी सर्वांत भरवशाची वाट शाळेच्या नावातून जात नाही. कुटुंबाचे चर्च कोणते आणि शाळा फादर-सिस्टरांच्या कोणत्या संन्यस्त संघाची, या दोन प्रश्नांतून ती जाते.

चर्चचा प्रश्न मुंबईत विशेष महत्त्वाचा आहे. १७९४ पासून इथली चर्चेस दोन अधिकारांत वाटली गेली : काही गोव्याच्या आर्चबिशपांकडे, म्हणजे पोर्तुगालच्या पद्रोआदोखाली (पोर्तुगीज राजाला चर्चवर मिळालेला अधिकार), तर काही थेट रोमच्या प्रोपगंडाखाली (मिशनचे काम पाहणारे पोपचे खाते). १८८६ मध्ये मुंबईचा आर्चडायोसिस (आर्चबिशपांचा धर्मप्रांत) स्थापन झाला तरी पद्रोआदोची चर्चेस दमण धर्मप्रांताकडे राहिली. ही दुहेरी व्यवस्था १९२८ मध्ये संपली. तोवर एकाच वस्तीतली दोन कॅथलिक घरे वेगवेगळ्या चर्चला जात असू शकत, आणि चर्चच्या आवारात बहुधा त्या पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, शाळा असे. नुसत्या पत्त्यावरून शाळा ठरवू नये, ते यामुळेच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शाळेचे नाव नसते. पण पॅरिश, आईवडिलांची नावे आणि कधी समासात लिहिलेली लग्नाची नोंद मिळते. माणूस कुठल्या वस्तीत वाढला, हे त्यावरून नक्की होते.

दुसरा प्रश्न शाळा चालवणाऱ्यांचा. पॅरिशच्या आणि डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) शाळा एका बाजूला, संन्यस्त संघांच्या शाळा दुसऱ्या बाजूला. त्यांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी असतात. बांद्र्याची सेंट अँड्र्यूज ही पॅरिशची शाळा आपली सुरुवात १७८० पासून मोजते. त्याच बांद्र्यात सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३) ही जेझुइट या फादरांच्या संघाची शाळा अनाथाश्रम म्हणून सुरू झाली. माझगावची सेंट मेरीज (१८६४) आणि धोबी तलावाची सेंट झेवियर्स (१८६९) याही जेझुइटांच्या. मुलींसाठी बांद्र्याला डॉटर्स ऑफ द क्रॉस यांचे सेंट जोसेफ्स, भायखळ्याला जीझस अँड मेरी संघाचे कॉन्व्हेंट आणि माहीमला कॅनोशियन सिस्टरांचे कॅनोसा अशी ठिकाणे होती. सेलेशियन फादरांनी ताडदेवला सुरू केलेले काम १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला माटुंग्याला गेले. तेव्हा घरात कोणी 'ताडदेवची शाळा' म्हणत असेल आणि कोणी 'डॉन बॉस्को, माटुंगा', तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

घरातल्या आठवणींकडे दुर्लक्ष करणे ही फार मोठी हानी ठरते. आजोबा 'जर्मन फादर' म्हणत असतील तर काळ बहुधा पहिल्या महायुद्धापर्यंतचा, कारण मुंबईच्या जेझुइट मिशनमधल्या जर्मनांना युद्धकाळात ब्रिटिश सरकारने अटकेत ठेवले आणि परत धाडले. १९२० च्या दशकात त्यांची जागा स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. जुन्या वर्गाच्या फोटोत सिस्टरांचा झगा आणि डोक्यावरचे वस्त्र स्पष्ट दिसत असेल, तर त्यावरून संघ ओळखता येतो आणि संघावरून शाळा. वयस्कर आत्यामावश्यांना हे वेळेवर विचारून लिहून ठेवावे.

शाळेचे नाव हाती असले तरी फसगत होते. सेंट जोसेफ, सेंट अँथनी, सेंट मेरी ही नावे शहरात ठिकठिकाणी आढळतात. शिवाय 'सेंट' म्हटले की शाळा कॅथलिकच, असेही नाही. गावदेवीची सेंट कोलंबा स्कॉटिश मिशनची, तर माझगावची सेंट पीटर्स अँग्लिकन परंपरेतली.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि 'याआधीची शाळा' हे रकाने असतात. या शेवटच्या रकान्याकडे लोकांचे लक्षच जात नाही. वास्तविक एक दाखला मिळाला की त्याच्या आधारे मागच्या शाळेत जाता येते, तिथून त्याच्याही मागे. कॉलेजात किंवा नोकरीत दिलेली दाखल्याची प्रत तिथल्या फायलीत असू शकते, तीही शोधावी.

यत्ता वाचताना सावध राहावे. जुन्या पद्धतीत मराठी चार यत्तांनंतर इंग्रजी पहिली सुरू होई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. दाखल्यावरची 'इंग्रजी पाचवी' म्हणजे आजची नववी. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे, एस.एस.सी. १९४९ पासून आली आणि ती १९७५ पर्यंत अकरावीची होती. काही इंग्रजी शाळांतली मुले केंब्रिजच्या परीक्षेला बसत, त्यांचे नाव मॅट्रिकच्या निकालात सापडणार नाही.

नावांचे लेखन स्थिर नाही. डिसूझा, डिसोझा आणि दे सोझा हे एकाच घरातले भाऊ असू शकतात. लॅटिन नोंदवहीतला जोआन्नेस पोर्तुगीज कागदात जुआंव आणि शाळेत जॉन होतो. जन्मस्थळ 'साष्टी' लिहिले असेल तर ती मुंबईला लागून असलेली साष्टी की गोव्यातली, हे पालकांच्या गावावरून तपासावे; एक चुकीचा अंदाज शोध भलत्याच राज्यात नेतो. बांद्रा १९२० मध्ये उपनगर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून 'जिल्हा ठाणे' दिसले की लगेच मुंबई वगळू नये. गावठाणांतल्या ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक) आणि वसईच्या कुटुंबांत मराठी माध्यमाचीही शक्यता धरावी.

कागद अजिबात नसतील तर छापील साधने पाहावीत. १८५० पासून निघणारे 'एक्झामिनर' हे मुंबईचे कॅथलिक साप्ताहिक, टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक, शाळांची वार्षिके आणि महोत्सवी स्मरणिका यांत बक्षीस समारंभांची वर्णने आणि विद्यार्थ्यांची नावे मिळू शकतात. ब्रिटिश, अँग्लो-इंडियन किंवा लष्करी घराण्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदी उपयोगी पडतात.

शाळेकडे मागणी लेखी, मुख्याध्यापकांच्या नावे करावी. पूर्ण नाव व त्याची वेगवेगळी रूपे, वडिलांचे नाव, जन्मवर्ष, शिक्षणाच्या वर्षांचा अंदाज, पॅरिश आणि तेव्हाचा पत्ता द्यावा; आपले नाते दाखवणारा पुरावा आणि व्यक्ती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. जूनची प्रवेशाची गर्दी आणि बोर्डाच्या परीक्षेचे दिवस टाळावेत. रजिस्टरची पाने जीर्ण असतात आणि ती उलटणारा कारकून बहुधा एकटाच असतो. त्याला पाच वर्षांचा टप्पा सांगितला तर नाव सापडण्याची आशा असते, चाळीस वर्षांचा सांगितला तर जवळजवळ नसतेच. शाळा बंद पडली असेल तर डायोसिसच्या शाळेसाठी आर्चडायोसिसन बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आणि संघाच्या शाळेसाठी त्या संघाच्या प्रांतीय कार्यालयाकडे पत्र पाठवावे.